सांधा

पेणमध्ये कारखाना म्हटलं की धुराडं किंवा भोंगा कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही. कारखाना म्हणजे गणपतीचा. पेण शहरात, हमरापूर-जोह्याच्या घराघरांत तो चालतो. साच्यातून मूर्ती काढणारा वेगळा, हात जोडून सांधे बुजवणारा वेगळा, रंग मारणारा वेगळा, आणि सगळ्यांच्या शेवटी, सगळ्यांत मानाचा, आखणी करणारा. आखणी म्हणजे डोळे. बुबुळ केवढं, पापणीची रेघ कुठे उचलायची, नजर समोर की किंचित खाली, हे ज्याच्या हातात असतं त्याला त्याबद्दल विचारलं की तो हसतो आणि म्हणतो, "बसा इथे, बघा." त्यापलीकडे त्याला काही सांगता येत नाही. हा त्याचा दोष नव्हे. ते ज्ञान सांगण्याच्या जातीचंच नाही.

अशाच एका कारखान्यात गेल्या वर्षी मी बसलो होतो. एक गृहस्थ मोबाइल पुढे करत आले. एआयकडून त्यांनी गणपतीचं चित्र काढून घेतलं होतं आणि ते खरोखर देखणं होतं. पितांबराच्या चुण्या, सोनेरी झळाळी, डोळ्यांत पाणी असावं तशी चमक. "काका, अगदी असाच पाहिजे." काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, मोबाइल हातभर लांब धरला आणि विचारलं, "उजव्या सोंडेचा चालतो का तुमच्याकडे?" गृहस्थ दचकले. त्यांनी तर डावीच सांगितली होती. मग काका मोजायला लागले. मागच्या दोन हातांत पाश आणि अंकुश, एका हातात मोदक, एक आशीर्वादाचा, आणि हा शेल्याआडून निघालेला पाचवा कोणाचा? शिवाय दोन्ही दात अखंड. एकदंताचे!

चित्र काढणाऱ्या त्या यंत्राला गणपती कसा दिसतो हे चांगलंच माहीत होतं. त्याने पाहिलेली चित्रं काकांनी सात जन्मांत पाहिली नसती. पण हात चार का, दात एक का, सोंडेच्या वळणाने घरात काय फरक पडतो, हे दिसण्यात नसतं. अशी यंत्रं शिकवताना एक युक्ती सर्रास वापरतात. हातातलं प्रत्येक चित्र आरशात धरल्यासारखं उलटवून पुन्हा एकदा दाखवायचं, म्हणजे फुकटात दुप्पट चित्रं मिळतात. मांजर उलटवलं तरी मांजरच राहतं, त्यामुळे युक्ती चालून जाते. गणपती उलटवला की डाव्या सोंडेचा उजव्या सोंडेचा होतो आणि त्याबरोबर सोवळं, नैवेद्य, घरातल्यांची झोप, सगळंच बदलतं. आकड्यांच्या हिशेबात दोन्ही चित्रं जवळजवळ एकच. त्या गृहस्थांच्या चित्राचं नेमकं असंच झालं असेल असं मी म्हणत नाही. पण यंत्राच्या डोळ्याला काय दिसतं आणि काय दिसूच शकत नाही, ते यावरून कळावं.

काकांकडे दोन्ही होतं, आखणीचा हात आणि मूर्तीचे नियमही. एकाच डोक्यात असल्यामुळे ते कुठे जोडलेलं आहे हे त्यांना कधी बघावंच लागलं नाही. यंत्रांच्या जगात मात्र ही दोन बिऱ्हाडं गेली सत्तर वर्षं वेगळी नांदत आली आहेत, आणि आता त्यांना एकत्र आणायची भाषा जोरात आहे. माझं म्हणणं एवढंच की एकत्र आणायचं म्हणजे काय कालवायचं आहे, हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रश्न सांध्याचा आहे: दोन्ही कुठे जोडायची आणि जोडल्यावर नकार द्यायचा अधिकार कोणाकडे ठेवायचा.

भांडणाचा इतिहास थोडक्यात उरकतो. १९५६ साली डार्टमथला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' या नावाने पहिली मोठी बैठक भरली, तेव्हा न्यूवेल आणि सायमन यांच्याकडे तर्कशास्त्राची प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्राम होता. विचार म्हणजे चिन्हांची नियमाप्रमाणे हलवाहलव, ही त्यांची धारणा. दोनच वर्षांनी रोझेनब्लाटचा पर्सेप्ट्रॉन आला: नियम सांगू नका, उदाहरणं दाखवा, यंत्र आपले आतले वजनकाटे आपणच जुळवून घेईल. १९६९ मध्ये मिन्स्की आणि पॅपर्ट यांनी एका पुस्तकात त्याच्या मर्यादा दाखवल्या आणि पारडं नियमवाल्यांकडे झुकलं. स्टॅनफर्डला 'मायसिन' नावाची यंत्रणा काहीशे नियमांच्या आधारे रक्तातल्या जंतुसंसर्गावर औषध सुचवू लागली. पण अनुभवी माणसाकडून नियम काढून घेणं किती कष्टाचं असतं ते पुढे कळलं. लेनाट यांनी १९८४ मध्ये 'साय्क' प्रकल्प सुरू केला, माणसाचं सगळं साधं शहाणपण नियमांत लिहून काढायला. दशकं गेली तरी लिहून संपलं नाही. आखणीवाल्याचं "बसा इथे, बघा" त्यांनी ऐकलं असतं तर कदाचित वेळ वाचला असता. मग १९८६ नंतर आणि खऱ्या अर्थाने २०१२ नंतर पर्सेप्ट्रॉनसारख्याच, उदाहरणांवरून शिकणाऱ्या न्यूरल नेटवर्कचे दिवस आले ते आजतागायत.

आपल्याकडे हीच दोन बिऱ्हाडं कोलकाता आणि मुंबईत मांडता येतात, आणि कोलकात्याच्या घराला रोह्याचं एक दार आहे. चिंतामणराव देशमुख यांचं लहानपण रोह्यात गेलं. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रात अर्थमंत्री, 'मेघदूता'चे मराठी अनुवादक, एवढं आपल्याला ठाऊक असतं. पण १९४५ ते १९६४ ते भारतीय सांख्यिकी संस्थेचे अध्यक्षही होते. प्रशांतचंद्र महालनोबिसांची ही संस्था; देशातला पहिला संगणक तिथे आला. दोन गोष्टी एकमेकींपासून किती 'लांब' आहेत ते अनेक मोजमापं एकत्र धरून ठरवायचं महालनोबिसांचं १९३६ चं माप आजही जगभर वापरात आहे. मोजा आणि अंतर काढा, हा कोलकात्याचा रस्ता. मुंबईत, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, साठच्या दशकात रंगास्वामी नरसिंहन उलट दिशेने गेले. ते म्हणत होते की वाक्याला असतं तसं चित्रालाही व्याकरण असतं. रेघा, वळणं, जोड यांचे नियम लिहा आणि चित्राची फोड करा. आज बहुतेक बक्षिसं कोलकात्याच्या रस्त्याने गेलेल्यांना मिळाली आहेत. पण तो पाचवा हात मुंबईच्या रस्त्यावरच्या कुणाला तरी दिसला असता, असं मला वाटतं.

आता रोह्याला जाऊ. दिवा-रोहा गाडीने पेणहून निघालं की थोड्या वेळात गाडी कुंडलिकेच्या खोऱ्यात उतरते. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. पनवेलकडून रूळ इथपर्यंत १९८६ मध्ये आले आणि पुढे मंगळूरकडे अखंड गाडी जायला जानेवारी १९९८ उजाडलं. रूळ एकच, पण मालक बदलतो. अशा ठिकाणी फलाटाच्या टोकाला उभं राहिलं की एका रुळाचे दोन होताना दिसतात. त्या जागेला मराठीत सांधा म्हणतात. सांधा बदलला की गाडी बदलते. पूर्वी तो हलवणारा सांधेवाला असायचा आणि लोखंडी खटका अंगाचं वजन टाकून ओढायचा.

रेल्वेने फार लवकर ओळखलं की सांधेवाला कितीही भला असला तरी फक्त त्याच्या लक्षात राहण्यावर गाडी सोडायची नाही. १८५६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन सॅक्सबी यांनी खटके एकमेकांत अडकवण्याचं पेटंट घेतलं. सांधा मुख्य मार्गाला लागलेला नसेल तर मुख्य मार्गाच्या सिग्नलचा खटका ओढताच येणार नाही, लोखंडच आडवं येईल. याला इंटरलॉकिंग म्हणतात, खटक्याला खटक्याचंच कुलूप. पुढे लोखंडाच्या जागी विजेचे रिले आले, आणि १९३७ मध्ये क्लॉड शॅनन या विद्यार्थ्याने दाखवून दिलं की रिलेच्या अशा जोडण्या म्हणजे हुबेहूब बूलचं बीजगणित: 'आणि', 'किंवा', 'नाही'. संगणकाच्या आतला तर्क जिथून आला त्याचा एक मोठा झरा हा आहे. म्हणजे ज्या चिन्हांच्या तर्काला आज काही जण जुनाट म्हणतात, तो रोह्याच्या फलाटावर अहोरात्र कामावर असतो.

या कुलपाचा एक गुण ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ते स्टेशन मास्तरला उपदेश करत नाही. "सांधा बघून घ्या हं" अशी पाटी लावणं वेगळं आणि खटका न हलणं वेगळं. आजकाल चॅटबॉटला आधी एक लांबलचक सूचनापत्र देतात: हे बोलू नकोस, ते नियम पाळ, बेरीज तपास. लोक समजतात की यंत्राला नियम दिले. दिली ती पाटी. सूचनाही त्याच जाळ्यातून वाहते ज्यातून चूक वाहते. बहुतेक वेळा ती पाळली जाते, कधी जात नाही, आणि केव्हा जाणार नाही ते आधी कळत नाही. नियम त्या जाळ्याच्या बाहेर उभा असेल आणि नाही म्हणू शकत असेल, तरच त्याला नियम म्हणावं.

पण कुलपावर फार भाळू नये. २ जून २०२३ च्या संध्याकाळी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्टेशनात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता आणि सांधा मात्र लूप लाइनला लागलेला होता. लूपवर मालगाडी उभी. २९० हून अधिक माणसं गेली. चौकशीत निघालं ते असं की सिग्नलच्या जोडणीत केलेल्या फेरफारात चूक राहिली होती, त्यामुळे सांधा एकीकडे असताना यंत्रणेला तो दुसरीकडे दिसत होता. म्हणजे तर्क कुठेही चुकला नाही. 'सांधा सरळ आहे' हे विधान आत गेलं, त्यावरून 'सिग्नल द्यायला हरकत नाही' हे बिनचूक निघालं. विधानच खोटं होतं. चिन्हांच्या तर्काची सगळी ताकद आणि सगळी पंगुता त्या एका संध्याकाळी दिसली. बाहेरचं जग आणि आतलं चिन्ह यांच्यामध्ये जी तार असते ती तर्क तपासत नाही. तपासू शकत नाही.

न्यूरल नेटवर्क आणि तर्क जोडायचे म्हणजे ती तार न्यूरल नेटवर्कच्या हाती द्यायची. फोटो बघून 'हा ३ आहे', आवाज ऐकून 'हे नाव अमुक' असं ते सांगणार आणि पुढचं नियम बघणार. कल्पना सुरेख आहे. ती कुठे बसते आणि कुठे करकरते, हे बघायला प्रयोगशाळेपेक्षा तलाठ्याची सजा बरी.

सातबारा हा शब्द आपण रोज वापरतो. तो गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ मिळून झालेला. त्यामागे फेरफारांच्या जुन्या वह्यांची चळत, आणखी मागे मोडीतले कागद. समजा हे सगळं यंत्राकडून वाचून घ्यायचं आहे. एका गटाचं लागवडीयोग्य क्षेत्र ०.३१.२०, पोटखराब ०.०३.२०, एकूण ०.३४.४०, हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. हाताने लिहिलेल्या देवनागरीत १ आणि ९ यांची गफलत ज्याने जुने कागद चाळले आहेत त्याला सांगायला नको. यंत्राने ०.३९.२० वाचलं. आता शेजारी बेरजेचा नियम उभा असेल तर तो म्हणेल की ३९.२० आणि ३.२० मिळून ४२.४० होतात, इथे ३४.४० लिहिलंय, पुन्हा वाच. तसंच हिश्शांच्या आणेवारीचं: सगळ्या सहहिस्सेदारांचे मिळून सोळा आणे झाले पाहिजेत. पंधरा किंवा सतरा आणे निघाले तर कुठेतरी डोळा चुकला. हे काम यंत्राच्या डोळ्याला एकट्याने जमत नाही आणि नियमाला तर अक्षरच दिसत नाही. जोडीने छान होतं.

पहिली करकर इथेच. नियम केवळ तपासायला न ठेवता यंत्राला शिकवायलाही वापरले, म्हणजे 'बेरीज जुळली तर शाबास' असं बक्षीस ठेवलं, तर यंत्र वाचायला शिकतंच असं नाही, जुळवायला शिकतं. वर्षअखेरीला मेळ बसवणारा कारकून ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे ओळखीचं वाटेल. बेल्जियममधल्या लूवेनच्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'डीपप्रॉब्लॉग' नावाची यंत्रणा मांडली. तिला हस्ताक्षरातल्या अंकांच्या जोड्या दाखवायच्या आणि फक्त बेरीज सांगायची. कोणता अंक कोणता ते सांगायचं नाही. बेरजेच्या नियमाच्या आधाराने ती अंक ओळखायला आपणच शिकली. कमाल वाटावी असं काम. पण नियम जरा सैल असला की काय होतं बघा. समजा फक्त ० आणि १ आहेत आणि यंत्राला एवढंच सांगायचं की दोन अंक सारखे की वेगळे. यंत्राने प्रत्येक शून्याला एक आणि प्रत्येक एकाला शून्य म्हणायचं ठरवलं तरी त्याचं एकही उत्तर चुकणार नाही. परीक्षेत शंभरपैकी शंभर, आणि एकही अंक धड ओळखता येत नाही. या क्षेत्रातले लोक याला तर्कातली आडवाट म्हणतात आणि गेली काही वर्षं तिच्यावर गंभीरपणे लिहीत आहेत. नियमाचं समाधान झालं म्हणजे अर्थ कळला, असं धरून चालणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण खिशात ठेवावं.

दुसरी गोष्ट अचूकपणाच्या पलीकडची आहे आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. वारस नोंद घ्या. बाप गेला, मागे बायको, दोन मुलगे, दोन मुली. जुने फेरफार चाळले तर एक साचा पुन्हा पुन्हा दिसतो: बहिणींनी हक्क सोडला, भावांची नावं लागली. हजारो जुने कागद वाचून शिकलेलं यंत्र पुढच्या वेळी काय भाकीत करेल? हेच. ते खोटं बोलत नाही. लोक असंच करत आले आहेत. पण कायदा काय म्हणतो? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगी वारस झाली. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत महाराष्ट्राने १९९४ मध्ये मुलीला मुलासारखा जन्मतः हक्क दिला, पण २२ जून १९९४ च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ती अट केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून गेली. त्या दिवशी बाप हयात असायला हवा की नको यावर बरीच वर्षं घोळ चालला आणि ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, विनीता शर्मा खटल्यात, नको असं सांगितलं. शिवाय अनुसूचित जमातींना हा कायदा आपोआप लागू होत नाही. पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या कातकरी-ठाकूर वाड्यांत काम करणाऱ्याला हे विसरून चालत नाही.

हे सगळं 'तारीख अमुकच्या आधी असेल तर', 'याला अपवाद', 'त्यालाही अपवाद' असं आहे. नियमाच्या यंत्रणेचं हे माहेर. न्यूरल नेटवर्क उदाहरणांची बहुसंख्या बघतं, आणि कायदा तर बहुसंख्येची सवय मोडायलाच केलेला असतो. लोक काय करत आले आणि काय व्हायला हवं, यांतला फरक उदाहरणांत सापडत नाही. तो बाहेरून, शब्दांत लिहून, आणावा लागतो. नियम हवेत ते यंत्र कमी हुशार आहे म्हणून, असं समजणाऱ्यांना माझा हा आक्षेप आहे. यंत्र उद्या दसपट हुशार झालं तरी जुन्या फेरफारांतून शिकलेली त्याची सवय बहिणीच्या विरोधातच राहील.

मात्र नियमवाल्यांनीही लगेच फुशारू नये. नियमाला 'मुलगी' हे चिन्ह तयार मिळालं तर तो हिस्सा काढून देईल. कागदावर काय असतं? माहेरच्या फेरफारात सखू. लग्नानंतर नाव बदललं म्हणून सासरच्या कागदांत सुमन, वडिलांचं नाव जाऊन नवऱ्याचं, आडनाव दुसरं. आधार कार्डावर सुमनबाई. नियमाच्या लेखी या तीन बायका. ही तीच का, हे ठरवायला अक्षर, वय, गाव, साक्षीदारांची नावं, कुणाच्या लग्नात कोण मामा म्हणून उभा होता, असं पन्नास बारीकसारीक धाग्यांवरून अंदाज बांधावा लागतो. असा अंदाज बांधण्यात न्यूरल नेटवर्क वाकबगार. म्हणजे कायदा मुलीच्या बाजूने, पण मुलगी ओळखायची चावी अंदाजाच्या हाती. सांधा नेमका इथे आहे, आणि जी गाडी इथे घसरते ती पुढे कितीही बिनचूक तर्काने सावरत नाही.

या सगळ्यावर एक जोरदार आक्षेप आहे आणि तो टाळून लिहिणं बरं नव्हे. याच क्षेत्रातले संशोधक रिचर्ड सटन यांनी २०१९ मध्ये 'कडू धडा' या अर्थाच्या नावाचं छोटं टिपण लिहिलं. सत्तर वर्षांचा सारांश त्यांच्या मते असा: माणसाने आपलं ज्ञान यंत्रात हाताने भरायचा प्रत्येक प्रयत्न थोडे दिवस चालतो, आणि नंतर जास्त गणनशक्ती आणि साधी सर्वसाधारण पद्धत त्याला मागे टाकते. ताजा पुरावाही त्यांच्या बाजूने दिसतो. शाळेतली भूमिती आठवा: पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. सिद्धता पायरीपायरीने येते. घोडं अडतं ते रचनेपाशी. कुठे लंब टाकायचा, कोणता बिंदू जोडायचा, हे सुचावं लागतं. जानेवारी २०२४ मध्ये डीपमाइंडने 'अल्फाजॉमेट्री' जाहीर केली, तिची वाटणी अगदी हीच होती. रचना न्यूरल नेटवर्कने सुचवायची, सिद्धता नियमांच्या यंत्राने करायची. आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडच्या ३० भूमिती प्रश्नांपैकी २५ सुटले. त्याच वर्षी तिची पुढची आवृत्ती आणि प्रत्येक सिद्धता 'लीन' या काटेकोर भाषेत तपासणारी दुसरी यंत्रणा मिळून ऑलिम्पियाडच्या ४२ पैकी २८ गुणांपर्यंत, रौप्यपदकाला पोचल्या. जोडीचा विजय झाला म्हणेपर्यंत २०२५ च्या जुलैत डीपमाइंड आणि ओपनएआय दोघांच्याही निव्वळ भाषेत विचार करणाऱ्या यंत्रांनी ३५ गुण मिळवले. सुवर्णपदकाची पातळी, बाहेरचा तपासनीस न घेता. तेव्हा नियमांची गरज संपली ना?

मला तसं वाटत नाही, आणि कारण साधं आहे. त्या ३५ गुणांचे कागद तपासायला जाणकार गणिती बसले होते. कुलूप होतंच, फक्त माणसांच्या रूपात यंत्राच्या बाहेर होतं. गणितात चुकीची सिद्धता पकडता येते आणि पकडली तर कुणाचं काही जात नाही. फेरफाराला असा परीक्षक रोज कुठून आणणार? सटन यांचं म्हणणं क्षमतेबद्दल खरं असेल; बहुधा आहेच. आखणी शिकवायला नियम लिहीत बसू नये, दाखवावं, हे तर पेणला पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. पण एखादी गोष्ट किती जमते हा एक प्रश्न, आणि न जमल्यास ती थांबवतो कोण हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मोठं होत गेलं म्हणून दुसरा मिटत नाही. उलट सांधेवाला जितका चलाख, तितके लोक त्याच्याकडे कमी बघतात. हिशेब आला की आजचे चॅटबॉट स्वतःच छोटा प्रोग्राम लिहून चालवतात, हेही विसरू नये. पाढे पाठ असलेल्या मुलाला मोठा गुणाकार येतोच असं नाही. मग तो पाटी घेतो. पुढच्या दाराने घालवलेला नियम मागच्या दाराने आत आलाच.

शिवाय सगळीकडे कुलूपही नको. गणपतीच्या डोळ्यांना नियमात बसवलं तर गावभर एकाच नजरेचे गणपती दिसतील. तिथे हात मोकळा राहू द्यावा. नियमाने फार तर हात मोजावेत, दात बघावेत, सोंड विचारावी. जिथे चूक खरवडून पुन्हा रंगवता येते तिथे डोळ्याला मुभा, जिथे चूक परत घेता येत नाही तिथे नकार नियमाचा. कोकण रेल्वेने रोह्याच्या पुढे हे बऱ्यापैकी साधलंय. पावसाळ्यात वेगळं वेळापत्रक लागतं, वेग खाली येतात. काळ आणि सावित्रीच्या पुलांवर पाण्याची पातळी सांगणारी यंत्रं आहेत. आणि तरीही जोराच्या पावसात समोरचं नीट दिसेनासं झालं की गाडी ताशी ४० किलोमीटरवर आणावी, असा चालकांना आदेश आहे. ४० हा आकडा नियमाचा. दिसेनासं झालं का, हे ठरवणारा मात्र चालकाचा डोळा.

जुन्या महसुली व्यवस्थेवर माझा फारसा लोभ नाही. तिच्या दारात चपला झिजवलेल्यांत मीही आहे. पण एक गोष्ट तिने फार पूर्वी ओळखली होती. फेरफाराची नोंद घेतली की ती लगेच पक्की होत नाही. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. हरकत आली तर नोंद विवादग्रस्त प्रकरणांच्या वहीत जाते, नाहीतर मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. आता यंत्र येईल, कागद क्षणात वाचेल, आणेवारी क्षणात काढेल, आणि कुणीतरी साहेब विचारेल की हे पंधरा दिवस आता कशाला? तेव्हा ते पंधरा दिवस कशासाठी ठेवले होते ते आठवणारं कुणीतरी तिथे हवं. नोटीस चावडीवर लागलेली असते, दहाव्या-बाराव्या दिवशी दुसऱ्या गावाहून एक म्हातारी एसटीने येते, नातवाकडून कागद वाचून घेते आणि म्हणते, "यात सखू लिवलंय ना, ती मीच."